ओव्हनशिवाय कायझरश्मार्न : 10 इंची बिडाच्या खोलगट तव्याचा आढावा

घरी ओव्हन नाही म्हणून कायझरश्मार्न करायचा राहत असेल, तर ओव्हनसाठी पैसे साठवू नका. 10 इंच व्यासाचा, दोन इंच खोल, जाड बुडाचा बिडाचा तवा घ्या आणि त्यावर घट्ट बसेल असं झाकण शोधा. साधारण बाराशे ते अठराशे रुपयांत हे काम भागतं. गॅसच्या शेगडीवर, इंडक्शनवर आणि चुलीवरही हा तवा चालतो. आमच्या मते या एका पदार्थासाठी त्याच्याइतकं योग्य भांडं दुसरं नाही. त्याचे तोटेही आहेत, ते पुढे सविस्तर सांगितले आहेत.

ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कायझरश्मार्न म्हणजे अंड्याचा पांढरा भाग फेसून फुलवलेलं, बोटभर जाडीचं गोड धिरडं. ते तव्यातच फाडून त्याचे ओबडधोबड तुकडे करतात, लोणी-साखरेत परततात, वरून पिठीसाखर भुरभुरतात आणि सोबत आलुबुखाराचा आंबटगोड पाक देतात. ऑस्ट्रियात तो जेवणानंतर चमचाभर खायचा पदार्थ नाही. डोंगरातल्या पाहुणचाराच्या झोपड्यांमध्ये तो अख्खं जेवण म्हणून, बऱ्याचदा तव्यासकट पुढ्यात येतो. कायझर म्हणजे सम्राट, आणि नाव ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्स योझेफ (1830–1916) याच्यावरून पडलं असं सांगतात. बायको एलिझाबेथ हिने वजनाच्या काळजीने पानातला वाटा सोडला आणि सम्राटाने तोही संपवला, अशी एक आख्यायिका आहे. अशा आख्यायिका तीन-चार तरी आहेत आणि कुठलीच पक्की नाही.

आता तव्याकडे. बुडाची जाडी चार ते पाच मिलिमीटर, वजन अडीच किलोच्या आसपास, एका बाजूला आखूड दांडी, समोरच्या बाजूला पकडायला छोटा कान आणि काठाला दोन्हीकडे ओतायची चोच. बीड उष्णता हळू पसरवतं, ॲल्युमिनियम त्याच्या कितीतरी पट वेगाने. पण बीड जड असल्यामुळे एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं. थंड, ओलं पीठ पाव लिटर दुधासकट वर पडलं तरी तव्याचा ताप एकदम उतरत नाही. श्मार्नचं फुगणं या पहिल्या मिनिटावर अवलंबून आहे. खालचा थर लगेच धरला तर वरच्या फेसातली हवा अडकते आणि धिरडं उंच उठतं. तवा थंडावला तर फेस बसतो, पीठ नुसतंच पसरतं आणि शेवटी चिवट पोळा हाती येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हा तवा उचलून झटक्यात पलटता येत नाही, आणि या पदार्थात तशी गरजच नसते. डोशाला किंवा आयत्यांना तव्याचं वजन आड येतं. इथे सराट्याने चार भाग करून एकेक उलटायचा असतो. मग दोन काट्यांनी फाडायचं, तेही बिडाच्या अंगावर बिनधास्त.

बाकीच्या भांड्यांचं काय होतं तेही सांगतो, कारण पुष्कळ घरांत ती आधीच असतात. नॉनस्टिकमध्ये धिरडं सुरेख सुटतं, पण लोखंडी काटे लागले की लेप खरवडला जातो. शिवाय रिकामा नॉनस्टिक मोठ्या आचेवर तापवत ठेवणं बरं नाही, 260 अंशांच्या वर लेप बिघडू लागतो. तेच हाताशी असेल तर लाकडी सराटे दोन घ्या आणि आच कधीच मोठी करू नका. आठवडी बाजारातली पातळ पत्र्याची लोखंडी कढई इथे हमखास दगा देते. तिचं बूड गोल, म्हणून मध्ये पीठ तीन इंच साचतं आणि कडेला अर्धा इंच राहतं. मध्ये कच्चं, कडेला जळकं. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचा विदर्भात मोठा मान आहे आणि पितळ उष्णता छान पसरवतं. पण कल्हईचं कथील 232 अंशांला वितळतं. रिकामं भांडं तापवून ठेवणं आणि मग साखर ब्राऊन करणं, या दोन्ही गोष्टी कल्हईच्या जिवावर उठतात. पितळीत करूच नका.

प्रमाण आपल्या मापात चांगलं बसतं : अर्धा पाव मैदा, म्हणजे 125 ग्रॅम, पाव लिटर दूध, फार्मची 4 अंडी, 30 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, तळायला 30 ग्रॅम तूप, शेवटी परतायला 20 ग्रॅम लोणी आणि 25 ग्रॅम साखर, 40 ग्रॅम मनुका. एवढ्यात दोघांचं जेवण होतं किंवा चौघांचं गोड. 10 इंची तव्यात हे पीठ साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर जाड बसतं आणि तीच जाडी हवी. आठ इंची तव्यात ते काठाशी येतं नि मध्ये शिजत नाही, बारा इंचीत पातळ पसरतं. माणसं जास्त असतील तर पीठ दुप्पट करून एकाच तव्यात ओतू नका, दोन घाणे काढा.

अंडी गावरान असतील तर हिशोब बदलतो. गावरान अंडं साधारण 40–45 ग्रॅमचं भरतं, फार्मचं 55च्या पुढे. शिवाय गावरान अंड्यात बलकाचा वाटा जास्त आणि पांढऱ्याचा कमी. म्हणून 5 गावरान अंडी घ्या, पांढरं पाचही अंड्यांचं वापरा आणि बलक चारच घाला. पाचवा बलक घातला तर रंग देखणा येतो, पण धिरडं जड होतं. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये बाहेर टोपलीत राहिलेल्या अंड्यांचे बलक फार नाजूक होतात, फोडताना फुटतात. त्यामुळे प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा. बलकाचा थेंब पांढऱ्यात पडला की त्यातल्या स्निग्धतेमुळे फेस नीट उभा राहत नाही, आणि एका अंड्यापायी पाचांचं नुकसान होतं. अंडी गार असताना वेगळी करायला सोपी जातात. फेसायला मात्र पांढरं अर्धा तास बाहेर ठेवलेलं बरं.

दूध म्हशीचं, बिनपाण्याचं असेल तर 200 मिली दूध आणि 50 मिली पाणी घ्या. ऑस्ट्रियातल्या कृतींत गायीचं, साडेतीन टक्क्यांच्या आसपास फॅट असलेलं दूध धरलेलं असतं. मैदा नको असेल तर अर्धा मैदा आणि अर्धी लोकवनची बारीक चाळलेली कणीक चालते, फक्त दूध दोन चमचे वाढवा. पूर्ण कणकेचा होतो, पण कोंड्यामुळे फेस लवकर बसतो आणि जाळी दाट राहते. रव्याचाही श्मार्न ऑस्ट्रियात करतात. तो वेगळा पदार्थ आहे, त्याची कृती वेगळी.

आधी मैदा, मीठ आणि दूध गुठळी न राहता फेटा, मग बलक आणि संत्र्याची किंवा लिंबाची किसलेली साल घाला. सालीचा फक्त रंगीत भाग किसा, पांढरा भाग कडू असतो. बलक मिसळल्यावर ढवळत बसू नका, मैद्याला चिवटपणा येतो. पंधरा मिनिटं झाकून ठेवलं की पीठ मुरतं. धिरड्याच्या पिठापेक्षा ते बरंच सैल दिसेल, ते तसंच हवं.

पांढरं फेसायचं भांडं स्टीलचं घ्या. ज्या गंजात कालच तूप कढवलं तो नको. प्लॅस्टिकचं भांडंही नको, त्याच्या अंगाला तेलकटपणा धुऊनही राहतो. गंज आतून लिंबाची फोड फिरवून, पुसून कोरडा करा. ताक घुसळायची लाकडी रवी इथे उपयोगाची नाही, ती हवा कमी भरते. भांड्याच्या दुकानात तारेचा फेटणा मिळतो तो घ्या. वीज असली तर बीटर, नसली तर हाताने सहा-सात मिनिटं. आधी मोठे बुडबुडे येतात, मग फेस पांढरा आणि बारीक होतो. तिथे 30 ग्रॅम साखर तीन वेळा करून घाला. फेटणा उचलल्यावर टोक उभं राहून जरासं वाकलं की थांबा. टोक ताठ, कोरडं झालं आणि फेस दाणेदार दिसू लागला तर जास्त फेसलं गेलं, असा फेस पिठात मिसळत नाही, गोळे गोळे तरंगतो. उन्हाळ्यात फेस दहा मिनिटांतच खाली पाणी सोडू लागतो. त्यामुळे तवा आधी तापायला ठेवा आणि मग फेसायला बसा.

फेसाचा एक तृतीयांश भाग पिठात मोकळ्या हाताने मिसळा, त्याने पीठ हलकं होतं. उरलेला दोनदा करून, पसरट चमच्याने खालून वर घेत मिसळा. पांढऱ्या रेघा थोड्या दिसल्या तरी चालेल. त्या घालवायच्या नादात हवा जाते.

तवा लहान बर्नरवर, मध्यमपेक्षा कमी आचेवर पाच-सहा मिनिटं तापवा, अधूनमधून फिरवत. बिडाला ही सवड दिलीच पाहिजे, नाहीतर ज्योतीच्या कड्यावर तेवढं वर्तुळ करपतं आणि मधला भाग फिका राहतो. पाण्याचा थेंब टाकून बघा. चरचरून उडून गेला तर ताप बरोबर. मोत्यासारखा गोळा होऊन पळू लागला तर तवा फार तापला, आच बंद करून दोन मिनिटं थांबा. मग तूप. हे तूप आपली सोय म्हणून घातलेलं नाही. ऑस्ट्रियातही पहिल्या तळणीला कढवलेलं लोणीच वापरतात, कारण कच्च्या लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो. त्यामुळे घरच्या साजूक तुपाबद्दल मनात अजिबात किंतु नको.

पीठ एकदम ओता, वरून मनुका पेरा. मनुका पिठात मिसळल्या तर त्या बुडाशी बसतात आणि जळून कडू होतात. आता झाकण. ऑस्ट्रियात या टप्प्याला तवा बहुधा 180 अंशांच्या ओव्हनमध्ये सरकवतात, म्हणजे वरची बाजूही शिजते. आपल्याकडे ते काम झाकणाखालची वाफ करते, पण तीच वाफ पाणी होऊन ठिबकली की वर ओले खड्डे पडतात. झाकणाला आतून सुती फडकं बांधा आणि त्याच्या गाठी वर घ्या, ज्योतीला लागू देऊ नका. चूल असेल तर याहून सरस उपाय आहे. रोडगे-पानगे भाजणाऱ्या घरांना विस्तवाचा अंदाज वेगळा शिकवायला नको. तवा चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या मंद निखाऱ्यांवर ठेवायचा, वर लोखंडी सपाट झाकण आणि झाकणावर ओंजळभर निखारे पसरायचे. वरूनही आच मिळाल्यामुळे रंग दोन्हीकडे येतो, आणि फडक्याची गरज राहत नाही. गॅसवर होणाऱ्या श्मार्नपेक्षा हा उंच उठतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गॅसवर सहा-सात मिनिटं लागतात. चौथ्या मिनिटापर्यंत झाकण उघडू नका. मग कड उचलून बघा : खाली गव्हाळ सोनेरी रंग आणि वर पृष्ठभाग थरथरणारा पण ओघळणारा नाही, अशी अवस्था आली की सराट्याने चार भाग करा आणि एकेक उलटा. हवं तर कडेने थोडं तूप सोडा. आता झाकण नको. दोन-तीन मिनिटांत दुसरी बाजू धरते. फाडायची घाई इथेच नडते. आत ओलं असताना काटे लावले की तुकडे न होता लगदा होतो, आणि तो नंतर कितीही परतला तरी सुधारत नाही. मधल्या भागात काटा खुपसून काढा. तो ओलसर असला तरी चालेल, पीठ चिकटलेलं नको.

दोन काट्यांनी एकमेकांविरुद्ध ओढत अंगठ्याएवढे तुकडे करा. सुरीने कापू नका, कापलेली कड गुळगुळीत असते आणि तिला साखर धरत नाही. फाटलेल्या कडेच्या खडबडीत धाग्यांना ती धरते. तुकडे कडेला सारा, मध्ये लोणी आणि साखर घाला. घरच्या लोण्यात पाणी असतं, ते तडतडतं, तडतड थांबेपर्यंत थांबा. विकतचं बटर घेणार असाल तर बिनमिठाचं घ्या. साखर कडेने विरघळून फिकट मधाच्या रंगावर आली की सगळे तुकडे तिच्यात ओढून एक-दीड मिनिट परता आणि लगेच आच बंद करा. बिडाचा तवा आच बंद केल्यावरही काही मिनिटं भाजतच राहतो. साखर हव्या त्या रंगाच्या एक छटा अलीकडेच थांबवली नाही तर पानात पडेपर्यंत ती कडू झालेली असते. तव्याचा हा सर्वांत मोठा गुण नि सर्वांत मोठा धोका एकच.

सोबतच्या पाकासाठी ताजे आलुबुखार उन्हाळ्याच्या शेवटी, पावसाळ्याच्या तोंडाशी नागपूर-अमरावतीकडून तालुक्याच्या बाजारात येतात. अर्धा किलो फळं बिया काढून, 100 ग्रॅम साखर, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवा. साली काढू नका, रंग आणि आंबटपणा त्यांत असतो. एरवी किराणा दुकानातले वाळलेले आलुबुखार 150 ग्रॅम घेऊन रात्रभर भिजवा आणि साखर थोडी वाढवून तसंच शिजवा.

पण विदर्भात राहून संत्रं सोडायचं कशाला? आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराचं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतं. वरूड, मोर्शी, काटोल भागात तर दारातच. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. नागपुरी संत्र्याचा रस किंवा फोडी उकळल्या की थोड्या वेळाने कडवट होतात. बिया आणि पापुद्र्यांमुळे लिमोनिन नावाचं द्रव्य तयार होतं, हे त्याचं कारण. म्हणून सहा संत्र्यांच्या फोडी पापुद्रे नि बिया काढून तयार ठेवा. 60 ग्रॅम साखर, दोन चमचे पाणी आणि दालचिनी यांचा पाक फिकट सोनेरी होईपर्यंत आटवा, आच बंद करा, मगच फोडी घाला. गरम पाकातच त्या पुरेशा नरम होतात. हा पाक त्याच दिवशी संपवा. आलुबुखाराचा असो की संत्र्याचा, पाक स्टीलच्या भांड्यातच करा. आंबट पदार्थ बिडाच्या तव्यावरचा तेलाचा थर खातो आणि चवीला लोखंड उतरतं.

मनुका मूळ कृतीत रममध्ये भिजवतात. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, आणि इतरत्रही पुष्कळ घरांत ती नको असते. कोमट संत्र्याच्या रसात अर्धा तास भिजवल्या तरी मनुका तितक्याच फुगतात. भिजवल्यावर फडक्यावर कोरड्या करायला विसरू नका. पूर्व विदर्भात मोहफुलं वापरून बघण्यासारखी आहेत. वाळलेली 25 ग्रॅम फुलं निवडून, आतले केसर झटकून, गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, ते पाणी टाका, फुलं पिळून बारीक चिरा. वास उग्र असतो, म्हणून मनुकांपेक्षा कमीच घालायची. संत्र्याच्या पाकाशी ती जुळतात, आलुबुखाराशी नाही.

आता तव्याचे तोटे. दांडी आखूड असल्याने ती टोकापर्यंत तापते, जाड फडक्याशिवाय हात लावायची सोय नाही. भरलेला तवा एका हाताने पेलत नाही. वयस्कर माणसांना किंवा मनगट दुखणाऱ्यांना तो झेपणार नाही, त्यांनी जाड बुडाचा नॉनस्टिकच घ्यावा. झाकण बहुतेक वेळा सोबत येत नाही. ओतायच्या चोची झाकणाखाली फटी ठेवतात आणि वाफ निसटते. चोच नसलेला तवा मिळाला तर तो आधी घ्या, नाहीतर फडक्याने फटी बुजवाव्या लागतात. आणि कारखान्यातून 'वापरायला तयार' म्हणून आलेला तेलाचा थर इतका पातळ असतो की पहिल्याच श्मार्नचा तळ चिकटतो.

त्यावर विदर्भात उत्तम उपाय आहे : घाणीचं जवसाचं तेल. ते हवेत आणि तापेत वाळून कडक थर धरतं. तवा धुऊन, तापवून कोरडा करा. तेलाचे चार थेंब फडक्याने सगळीकडे चोळा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने जणू चुकून लावलंय असं समजून पुसून काढा. मंद आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत ठेवा, गार होऊ द्या. असं पाच-सहा वेळा. थर जाड दिला तर तो चिकट राहतो नि पुढे खपल्या निघतात. आधी काही दिवस भाकरी, पराठे, धिरडी करा आणि मग श्मार्नला हात घाला.

धुताना राख नको. राखेचा खार आणि खरखर मिळून सगळा थर एका दिवसात उतरवतात. साखर तळाला चिकटली असेल तर तवा कोमट असतानाच त्यात गरम पाणी ओतून दहा मिनिटं ठेवा, साखर आपोआप विरघळते. तापलेल्या बिडावर गार पाणी कधीही ओतू नका, तडा जातो. पावसाळ्यात पुसून, शेगडीवर कोरडा करून, तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत तांबूस डाग दिसतात.

विकत घेताना तवा दुकानातल्या काचेवर किंवा फरशीवर ठेवून काठ दाबून बघा. डुगडुगला तर तो इंडक्शनवर नीट बसणार नाही आणि गॅसवरही एकाच बाजूने तापेल. आतून तळहात फिरवा. बारीक खरखर चालते, खड्डे नकोत. मग दांडीला धरून उचला, काठावर लाकडाने हलकेच ठोका आणि कान द्या. घंटेसारखा लांबणारा आवाज आला तर घ्या. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा असण्याची शक्यता आहे, दुसरा नग मागा.